रिटर्न्स, बे नंबर नऊ

डॉनकास्टरबाहेर, मोटरवेच्या कडेला,
एका बिनखिडकीच्या पत्र्याच्या पेटीत
लेतेब्रहान दिवसभर उघडते
लोकांना नकोशी झालेली खोकी.

कारणांचे आकडे भिंतीवर डकवलेत.
एक, माप चुकलं. दोन, रंग फोटोतल्यासारखा नाही.
सात, मन बदललं.
सातव्याचा ढीग सगळ्यांत उंच.
एका पोशाखाच्या गळ्याला अजून अत्तराचा वास,
एका चपलेच्या टाचेला कुणाच्या तरी लग्नातला रुपेरी कपटा.
"नाचून आलीये ही," ती म्हणते,
आणि निमूट सात दाबते.

पहिला आठवडाभर तिला वाटत होतं
रिटर्न म्हणजे खोकं.
मग बसवाल्यानं विचारलं, सिंगल की रिटर्न?
तिनं पर्स छातीशी धरली.
सिंगल, म्हणाली. संध्याकाळी परत सिंगल.
महिनाभर असे जास्तीचे पैसे गेले,
ग्लेनिसनं हिशेब मांडून दाखवला तेव्हा म्हणाली,
जाताना कुणाला माहीत असतं?

ग्लेनिस आमची सुपरवायझर.
तिच्या वाढदिवसाच्या केकवर साखरेनं लिहिलेलं,
मेनी हॅपी रिटर्न्स.
"इतकी खोकी परत आली
तर त्यात हॅपी काय?" लेतेब्रहाननं विचारलं,
आणि ग्लेनिस चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसली.
मग सुरी हातात तशीच धरून
बापाबद्दल बोलायला लागली,
या गोदामाच्या थेट खाली कोळसा खणायचा तो.
सकाळी पाळण्यातून उतरायचा,
आणि आई चहाचं पाणी
तो दारात दिसल्याशिवाय ठेवायची नाही.
केक कापायचा राहिला. भोंगा झाला.

स्कॅनरच्या संगणकावरही रिटर्न नावाचं बटण आहे.
ते दाबलं की मागे जाता येत नाही,
पुढची ओळ येते.
हे मला लेतेब्रहाननं दाखवलं,
मी सहा वर्षं तेच दाबत होते.

तिला कागद मिळालेत. धाकट्या भावाला नाहीत.
फेब्रुवारीत किफ्लोमला सरकारचं पत्र आलं,
चांगल्या जाड कागदावर,
व्हॉलंटरी रिटर्न.
फोन फुकट. सामानाचं वजन ठरलेलं.
तिकीट सरकार काढणार,
सिंगल.

"तुला येतो ना हा शब्द?" तो म्हणाला.
तिला बस येत होती, केक येत होता,
भिंतीवरचे सगळे आकडे येत होते.
कोणता आकडा हे तिनं बराच वेळ शोधलं.
माप? रंग?
मन कुणाचं बदललं, हे पत्रात नव्हतं.

त्या रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं.
वकिलाचा पत्ता फ्रिजवर लावलेला,
खिडकीच्या काचेवर वाफ,
आणि ती बारीक चिरलेला ढीगभर कांदा
तेलाचा थेंबही न घालता
मंद आचेवर हलवत उभी.
मी म्हटलं, आमच्याकडे याला परतणं म्हणतात.
म्हणजे?
म्हणजे रिटर्न. तोच शब्द, दोन्हीला.
तिनं पातेल्यात वाकून पाहिलं.
"कुठे जातो मग कांदा?"

कुठेच नाही, मी म्हणाले,
आहे तिथेच असतो.
खालचा वर करायचा, वरचा खाली,
एका जागी फार वेळ राहू द्यायचा नाही,
नाहीतर लागतो.

तिनं हे किफ्लोमला त्यांच्या भाषेत सांगितलं.
मी सांगितलं त्यापेक्षा बरंच लांब होतं ते,
मध्ये एकदा तो हसला, एकदा गप्प झाला.
मग त्यानं बाह्या सारल्या,
तिच्या हातून उलथनं घेतलं.
"किती वेळ?" त्यानं विचारलं, इंग्रजीत, मला.

मी पातेल्यात पाहिलं.
अजून पांढराच होता.